ताट आपलं, तोंड तिचं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. राग मानू नकोस. पालकाचं एक पान दिसलं की तुझी लेक खुर्चीवरून घसरते आणि थेट टेबलाखाली जाऊन बसते, हे तू इतकं रागारागानं लिहिलंयस की चित्रच डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण मग आमच्या थोरल्याची एक गोष्ट आठवली आणि हसू मावळलं. तुला ती कधी सांगितली नाही, कारण लाज वाटायची.

तो अडीच वर्षांचा होता. एका रात्री मी वाटाण्यांवरून हट्टाला पेटलो. एकच चमचा खायचा, बस. पाऊण तास आम्ही समोरासमोर बसून होतो. शेवटी रडायला त्यानं तोंड उघडलं आणि मी चमचा आत सारला. त्याला उमासा आला, आधीचं जेवणही बाहेर पडलं, माझ्या शर्टावर. पुढची दोन वर्षं वाटाणा दिसला की तो ताट लोटून द्यायचा. दोन वर्षं!

तेव्हा मला काही साध्या गोष्टी ठाऊक नव्हत्या. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं; दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. आपल्याला मात्र वाटतं, पोर जेवेनासं झालं. त्यात साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते. कडू चवही लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बोचते, आणि त्यातही माणसामाणसांत फरक असतो. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढी कडू! फॉक्सला काहीच जाणवेना. हा फरक बराचसा जन्मजात असतो. त्यामुळे कोबी तुला गोड लागतो म्हणून तिलाही लागेलच असं नाही, आणि ती नाटकं करते असंही नाही.

आता तू विचारलेलं: मग करायचं काय? एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सांगितली आहे, तीच मला पटली. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे आपण ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मुलानं ताटाला हात न लावता उठायचं आणि आपण चेहरा सरळ ठेवायचा, हे मला जमायला तीन महिने लागले.

एक नवी भाजी मुलाच्या पचनी पडायला, म्हणजे मनाच्या पचनी, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच 'हिला आवडत नाही' असा शिक्का मारतो. म्हणून ढीग वाढू नकोस. नखाएवढा तुकडा, तिच्या आवडीच्या पदार्थाशेजारी, काही न बोलता. तिनं हाताळला, हुंगला, जीभ लावून थुंकला तरी ती एक वेळ मोजायची. आणि तू स्वतः तीच भाजी खा, मजेत. तू ती बाजूला सारतोस हे मला चांगलं आठवतंय!

'भाजी संपव, मग चॉकलेट' हे मात्र बंद कर. लीअॅन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात एक पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर तेच पेय त्यांना पुढे कमी आवडू लागलं. मुलं हुशार असतात. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, हे त्यांना लगेच कळतं. भाजी वाटून लपवण्याबद्दल वहिनींनी विचारलंय. पोटात जाते, त्यामुळे माझा विरोध नाही, पण मुलाला त्या भाजीची ओळख होत नाही. शेजारी तीच भाजी दिसेल अशीही ठेवा.

बहुतेक घरांत खरा घोटाळा ताटात नसतो, दोन जेवणांच्या मध्ये असतो. तिचा दिवस एकदा लिहून काढ. दूध किती, बिस्किटं किती, रस किती. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवायला भूक उरणार कशी? खाण्याच्या वेळांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेव, मध्ये फक्त पाणी. आमच्याकडे निम्मं भांडण यानंच मिटलं.

दोन गोष्टी जपायच्या. कच्च्या गाजराचे कडक तुकडे आणि अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकू शकतात. गाजर मऊ शिजवून दे, द्राक्षं उभी चिरून. आणि वजन घटू लागलं, घास गिळताना वारंवार ठसका लागला किंवा खाण्याचे पदार्थ एकेक करून गळत जाऊन मोजकेच उरले, तर डॉक्टरांना दाखव. तिथे धीर धरणं कामाचं नाही.

थोरल्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. तो साडेचार वर्षांचा असताना एकदा मी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, तो येऊन बसला. मी काही बोललो नाही. दहा-बारा दाणे वाटीत टाकून झाल्यावर एक त्याच्या तोंडात गेला. मी शेंगेकडेच बघत राहिलो. मग दुसरा गेला.

तुझा,
जुना मित्र

ता. क. ती टेबलाखाली गेली की बाहेर ओढू नकोस. तू आपला जेवत राहा. पुढच्या पत्रात, कितव्या दिवशी ती आपणहून वर आली ते कळव.