युरियाची रांग आणि पोटॅशचा विसर

मा. संपादक,

भातलावणी सुरू झाली की ठाणे जिल्ह्यातून ठरलेली ओरड येते : युरिया मिळत नाही. युरियातून पिकाला नत्र (नायट्रोजन) मिळते. पण खाचरात खरे कमी पडतात ते बहुधा स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश), आणि त्याची ओरड कोणी करत नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. २०१० मध्ये पोषणद्रव्यांनुसार अनुदान आले तेव्हा युरिया त्यातून वगळला; त्याचा भाव बांधलेला राहिला, बाकीची खते महागली. शिवाय युरिया टाकला की चार दिवसांत शेत हिरवेगार दिसते. पोटॅशचे तसे काही दिसत नाही.

कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी शिफारस आहे. आपली खाचरे गुंठ्यांची, म्हणून गुंठ्याला : युरिया सुमारे सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलोंच्या थोडे वर, म्युरेट ऑफ पोटॅश आठ-साडेआठशे ग्रॅम. सुपर आणि पोटॅश शेवटच्या चिखलणीत गाडायचे. लाल, आम्ल जमिनीत लोह-अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवते. वरून फेकलेले मुळांपर्यंत पोचतच नाही. युरियाचे मात्र तीन हप्ते करायचे : ४० टक्के लावणीला, ४० फुटव्यांच्या वेळी, २० फुलोऱ्याच्या सुमारास. तुडुंब भरलेल्या, बांधावरून वाहणाऱ्या खाचरात टाकलेला युरिया शेजाऱ्याच्या शेतात जातो.

चारसूत्री या भातलावणीच्या सुधारित पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे युरिया आणि डीएपी हे नत्र-स्फुरदाचे खत दाबून केलेली गोळी, बोटभर खोल खोचतात. हेक्टरी १७० किलो पुरतात. पण तिच्यात पालाश नसतो. तो वेगळा द्यावाच लागतो.

स्फुरदावाचून मुळे पसरत नाहीत आणि पालाशावाचून घेतलेल्या नत्राचे प्रथिन होत नाही. मग जादा युरियाने पान लुसलुशीत होते, करपा आणि तुडतुडे येतात, भात लोळतो, लोंबीत पळींज (पोकळ दाणे) भरते. उरलेले नत्र जमिनीत राहते.

त्याचे नायट्रेट, म्हणजे पाण्याबरोबर सहज वाहून जाणारे नत्राचे रूप, होऊन ते विहिरीत उतरेल अशी भीती भातखाचराबाबत थोडी जास्तच घातली जाते. साचलेल्या पाण्यात हवा नसल्याने नत्र अमोनियम रूपात टिकते. जे नायट्रेट होते त्यातले बरेचसे वायू होऊन उडते. तोटा असतो तो खिशाला. खरी अडचण भातानंतरच्या भेंडी-काकडीच्या आणि पालेभाजीच्या वाफ्यांत. तिथे माती वाफशावर, हवा खेळती. अमोनियमचे नायट्रेट झपाट्याने होते. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती ते धरत नाही. उन्हाळाभर साठलेले नायट्रेट मृगाच्या पहिल्या सरींसरशी खाली उतरते, ते वाफ्याशेजारच्या विहिरीत.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यावरचे पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या दुधात वापरू नये. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते, नायट्रेटची नसते. तेव्हा जिल्हा परिषदेने भाजीपट्ट्यातल्या पिण्याच्या विहिरींची तपासणी मे महिन्यात एकदा आणि पावसाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांनंतर पुन्हा एकदा करावी, आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.

– एक वाचक, ठाणे