फिटनेस सर्टिफिकेट पुरेसं नाही, जनावराचं रक्तही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालेला माणूस, मानेवाड्याला राहतो. हिवाळा लागला की आपल्या विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात, कुठे कुठे यात्रेत घोड्यांची दौडही ठेवतात, आणि मला दरवर्षी एक घोडी आठवते. सकाळी ट्रकमधून उतरवली तेव्हा पुढचा डावा पाय नीट टेकवत नव्हती, मी मालकाला म्हटलं हिला आज पळवू नका, आणि दुपारी पाहतो तर ती सुसाट, दुसरा नंबर, लोकांनी गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बोलवायला आला. घोडी तीन पायांवर उभी होती, पायामागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली होती. सुई दिल्याचं त्याने कबूल केलं, वरून म्हणाला, "दुखणं थांबवायचंच औषध दिलं ना साहेब, दारू थोडीच पाजली."

हेच बोलणं आजही ऐकून राहिलो म्हणून लिहितो. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलोक्सिकॅम ही औषधं वाईट नाहीत, मी स्वतः कितीतरी जनावरांना दिलीत. सूज उतरते, दुखणं कमी होतं, पण फाटत आलेली कंडरा त्याने सांधत नाही. दुखतं म्हणून जनावर पाय आवरतं, ते आवरणंच आपण काढून घेतो आणि मग त्याला पळवतो. शर्यतीच्या दिवशी पशुवैद्यक जनावर चालवून, हात लावून पाहतो आणि फिटनेस देतो, पण सकाळी सुई दिलेलं जनावर त्या तपासणीत सरळच चालणार ना! डॉक्टर कितीही हुशार असो, डोळ्यांना हे दिसत नाही, ते रक्तात आणि लघवीतच सापडतं.

आणि सापडतं हे नक्की. १९६८ मध्ये अमेरिकेतली केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत जिंकलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याच्या लघवीत फेनिलब्युटाझोन निघालं आणि त्याचा पहिला नंबर गेला. २०२१ च्या डर्बीत मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथाझोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, मिलिलिटरला फक्त २१ पिकोग्रॅम मिळालं, पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, तरी पुढच्या वर्षी त्याचंही विजेतेपद काढून घेतलं. फेनिलब्युटाझोन शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्सिफेनब्युटाझोन बनतं, मशीन दोन्ही वेगवेगळे ओळखते. घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय फेनिलब्युटाझोनचा शोधकाळ, म्हणजे औषध दिल्यावर ते तपासणीत सापडण्याचा काळ, ७ दिवस धरते, फ्लुनिक्सिनचा ६, मेलोक्सिकॅमचा ३, म्हणजे आदल्या रात्री देऊन कोणी सुटत नाही.

मालकांची एक भीती मात्र खरी आहे, निर्दोष माणूस अडकला तर? औषध चालू असलेल्या घोड्याची लघवी गवतात पडली आणि तेच गवत दुसऱ्याने खाल्लं तर त्याच्यातही औषध दिसू शकतं. सॅलिसिलिक ॲसिड तर चाऱ्यातूनच येतं, म्हणून त्याला मर्यादा ठरवून दिलीय, लघवीत मिलिलिटरला ७५० मायक्रोग्रॅम, तिच्या वर गेलं तरच केस. नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद ठेवतात, पहिल्यात सापडलं तर मालक दुसरा भाग तपासायला लावू शकतो. घोड्यांसाठी इतका विचार आधीच झालाय, बैलांसाठी मर्यादा आणि शोधकाळ वेगळे काढावे लागतील, पण रीत हीच.

सुप्रीम कोर्टाने १८ मे २०२३ ला बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला, मला आनंदच झाला, पट ही आपली जुनी हौस आहे आणि जोडीवर पोरासारखा जीव लावणारे शेतकरी मी पाहिलेत. त्यांच्याच जोडीला सुई मारलेली जोडी हरवते, हा अन्याय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत खेळाडूंबरोबर घोड्यांचे नमुनेही तपासतात, आणि पशुवैद्यकाचं अख्खं विद्यापीठ इथे नागपुरात आहे, तर विदर्भातल्या पटांचे नमुने तपासायची सोय त्यांनी का करू नये? सगळी जनावरं तपासा असंही म्हणत नाही. जिंकलेली जोडी आणि चिठ्ठी टाकून निवडलेली आणखी एक, एवढ्यांचं रक्त घ्या, मालकासमोर सील करा, त्याची सही घ्या, बर्फाच्या पेटीत ठेवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत बक्षिसाची रक्कम तहसीलदाराकडे राहू द्या. जिल्हा प्रशासनाने या मोसमात निदान एका पटापासून तरी हे सुरू करावं.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मानेवाडा, नागपूर