धोंडो म्हणजे गणपती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांच्या दुर्मीळ मराठी नावांची यादी आली आहे. तीत ‘धोंडो’ या नावापुढे ‘गणपतीचे एक नाव’ असा अर्थ छापला आहे. हाच अर्थ नावांच्या संकेतस्थळांवरही फिरत असतो, त्यामुळे दोष एकट्या पुरवणीला देता येणार नाही. पण धोंडो म्हणजे धोंडा, दगड. गणपतीचे नाव धुंडिराज, आणि ही दोन नावे वेगळ्या मुळांची आहेत.

धुंडिराज मूळचा काशीचा. विश्वनाथाच्या देवळाजवळ ढुंढिराज गणेशाचे स्थान आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडात या नावाची फोड ‘ढुंढ्’ म्हणजे शोधणे या धातूवरून केली आहे. हिंदीतले ‘ढूँढना’ आणि आपले ‘धुंडणे’, ‘धुंडाळणे’ ही त्याच घरची मंडळी. दादासाहेब फाळके हे धुंडिराज गोविंद फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. महर्षी कर्वे हे धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८चा. एकाच्या नावात शोध आहे, दुसऱ्याच्या नावात दगड. एखाद्या घरात धुंडिराजाला लाडाने ‘धोंडू’ म्हणतही असतील. म्हणून धोंडूचा अर्थ गणपती होत नाही.

दगडाचे नाव पोटच्या पोराला का ठेवायचे, याचे उत्तर पाळण्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत जात. आधीची दोन-तीन मुले गेली की पुढच्याला मुद्दाम कवडीमोलाचे नाव ठेवायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही आणि मृत्यूही ‘हे काय न्यायचे’ म्हणून पुढे जातो, अशी समजूत होती. त्यातूनच दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा ही नावे आली. भीक मागून मिळाला तो भिकू किंवा भिकाजी. मुलगा असून नाक टोचले तो नथू. कवडीला विकून परत घेतला तो विदर्भातला कवडू. या विक्रीचा खरोखर विधी असे. मूल सुपात घालून शेजारणीच्या हाती द्यायचे, तिने मूठभर धान्य किंवा कवडी द्यायची आणि मग आईने ते ‘दुसऱ्याचे मूल’ म्हणून सांभाळायला घ्यायचे. उकिरडा नावाच्या मुलाला तर क्षणभर का होईना, उकिरड्यावर ठेवलेले असे.

या सगळ्यांत धोंडो थोडा वेगळा पडतो. केर आणि कचरा नुसतेच टाकाऊ. धोंडा टाकाऊ आहे आणि टिकाऊही आहे. त्याला शेंदूर फासला की तो देव होतो. बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायका काय करतात ते आठवून पाहावे. पाटा-वरवंट्यातला वरवंटा धुऊन, कुंची किंवा खण गुंडाळून ‘गोपाळ’ करतात आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. मुलाच्या आधी दगडाचे बारसे होते. मूल त्या दगडासारखे ठणठणीत राहो, ही इच्छा त्यात उघड आहे. धोंडो हे नाव ठेवणाऱ्या घरात हीच इच्छा थेट नावात उतरली, असे आम्हाला वाटते.

हे नाव दुसऱ्या वाटेनेही येते. अधिक मासाला आपल्याकडे ‘धोंडा महिना’ म्हणतात. लग्न-मुंजी नाहीत, मुहूर्त नाहीत. पण जावयाला धोंड्याचे जेवण असते, पुरणाचे धोंडे असतात, तेहतीस अनारशांचे वाण असते. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू, धोंडिबा, धोंडिराम म्हणत. याच महिन्याला पुरुषोत्तम मास असेही नाव आहे, म्हणून कुणी पुरुषोत्तम ठेवी. सातारा-सांगलीकडे ‘अधिकराव’ हे नाव आढळते तेही याच घराण्यातले. तेव्हा आजोबांचे नाव धोंडिराम असेल तर ते पोर वाचावे म्हणून ठेवले की महिन्यावरून, हे पंचांगावरून तपासता येते. जन्मतारीख पक्की हवी. अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि बहुधा १९ वर्षांनी पुन्हा तोच महिना अधिक होतो: २००४ साली अधिक श्रावण होता, २०२३ सालीही अधिक श्रावणच, २००७ साली अधिक ज्येष्ठ, २०२६ सालीही अधिक ज्येष्ठ. मात्र १९ वर्षांच्या हिशेबावर निकाल देऊ नये, अधेमधे तो चुकतो. त्या-त्या वर्षाचे पंचांगच उघडावे. शिवाय जुन्या शाळांत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने लिहीत आणि १ जून ही तारीख सर्रास पडे. दाखल्यावर १ जून असेल तर त्या तारखेवरून महिना ठरवण्यात अर्थ नाही.

तिसरा एक ‘धोंडी’ पावसाचा आहे. पाऊस ताणला की कडुनिंबाच्या डहाळ्या अंगाला बांधून मुलाला दारोदार फिरवतात, ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणतात आणि घरोघरच्या बायका त्याच्यावर पाणी ओततात. तो धोंडी त्या दिवसापुरता. त्यावरून बारशाचे नाव पडत नाही.

आता रूपांविषयी. धोंडो, धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडिराम, धोंडजी ही पुरुषांची. धोंडाबाई, धोंडूबाई बायकांची. ‘ओ’ने संपणारी नावे जुन्या कागदांत भरपूर आहेत: मोरो, नारो, दत्तो, केरो. पुढे ‘पंत’ लागला की धोंडोपंत, मोरोपंत. १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंतच. पण धोंडो ब्राह्मणांपुरता नाही. कवी महानोर ना. धों. होते, म्हणजे नामदेव धोंडो. दयाराम-दयानंद अशी नावे डोळ्यांपुढे आणणारे ‘दया पवार’ हे मूळचे दगडू मारुती पवार, हे तर सर्वांना ठाऊक आहे. आणि पुण्यात ज्या गणपतीपुढे रोज रांगा लागतात, तो दगडूशेठ हलवायांचा. तिथे गणपती आणि दगड एकत्र आले आहेत खरे, पण ते गणपतीच्या मालकाच्या नावामुळे!

व्याकरणात एक बारीक फरक आहे, आणि वर्तमानपत्रांत तो हल्ली वारंवार चुकतो. दगड या अर्थीच्या ‘धोंडा’चे सामान्यरूप ‘धोंड्या’ होते: धोंड्याला ठेच लागली, धोंड्याचा महिना. व्यक्तिनाम धोंडो मात्र बदलत नाही: धोंडोने, धोंडोला, धोंडोचा. ‘धोंड्या केशव कर्वे यांनी’ असे लिहिणे म्हणजे महर्षींना अरेतुरे करणे झाले. ‘धोंड्या’ ही हाक आहे, तीही जवळच्याने मारायची.

आद्याक्षराचेही तसेच. मराठीत आद्याक्षर घेताना पहिले अक्षर मात्रा-अनुस्वारासकट घेतात: त्र्यंबकचे ‘त्र्यं.’, व्यंकटेशचे ‘व्यं.’, धोंडोचे ‘धों.’ म्हणून र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. ‘र. धो.’ हे चूक, ‘र. ढों.’ ही तर थट्टाच. रोमनमध्ये नुसता ‘डी’ उरतो आणि त्यातून दत्तो, दिनकर, धोंडो यांपैकी काहीही निघू शकते.

लिप्यंतरात सर्वांत जास्त पडझड होते. रोमन लिपीत द आणि ड एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे यंत्राने उलट मराठी केले की धोंदो, ढोंडो, धोन्दो असे काहीही बाहेर पडते. हिंदीत नानासाहेबांचे ‘धुंधूपंत’ रूढ झाले आहे. दगडाचे धुके झाले म्हणायचे. मराठी टंकलेखनातही एक खोच आहे. कळा दाबायचा क्रम ध, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड, ओकाराची मात्रा असाच हवा. अनुस्वार मात्रेच्या आधी पडला तर काही पडद्यांवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, काहींवर दिसतही नाही. पण शोध घेताना ते नाव सापडत नाही. ‘धोन्डो’ किंवा ‘धोण्डो’ असे जोडाक्षराने लिहिले तरी तेच. ग्रंथालयाच्या यादीत किंवा मतदार यादीत नाव मिळाले नाही, तर ही रूपे आळीपाळीने टाकून पाहावीत.

हे नाव दुर्मीळ झाले म्हणजे नक्की किती? जन्मनोंदणीतून नावांची क्रमवारी आपल्याकडे सरकार प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे ‘लोकप्रियता क्रमांक अमुक’ असे छापणाऱ्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवू नये. घरबसल्या मोजायची साधी रीत मतदार यादी. आपल्या गावाची एका मतदान केंद्राची यादी घ्या. तीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वय असे रकाने असतात. धोंडिबा-दगडू ही नावे मतदाराच्या रकान्यात किती आणि वडिलांच्या रकान्यात किती, हे वेगवेगळे मोजा आणि समोर वय लिहा. पिढी कुठे तुटली ते आकड्यांतच दिसेल. मात्र एकाच धोंडिबाची चार मुले असतील तर तो चारदा मोजला जातो. घरक्रमांक पाहून एकदाच धरावा. नाव मागे पडण्याचे मुख्य कारण साधे आहे: मुले जगू लागली. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता. दृष्ट चुकवायची निकड संपली, तसे धोंडूचे कामही संपले. शाळेत चिडवतात हे दुसरे कारण. पायावर धोंडा मारून घेणे, डोक्यात धोंडा घालणे अशा वाक्प्रचारांच्या भाषेत या नावाचे पोर वर्गात सुखाने बसणे कठीणच.

इथे ‘नकोशी’ची गल्लत करू नये. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने २८५ मुलींची ‘नकुशी’ ही नावे बदलली, तेव्हा बऱ्याच लेखांत धोंडाबाई, दगडाबाई यांनाही त्याच रांगेत बसवले गेले. धोंडाबाई हे नाव मूल राहावे म्हणून आहे, नकोशी हे मुलगी पुन्हा होऊ नये म्हणून. एक हवेपणातून आलेले आणि दुसरे नकोपणातून. दोन्हींना ‘मागास नावे’ असा एकच शिक्का मारणे आम्हाला पटत नाही.

आज हे नाव सर्वाधिक भेटते ते जमिनीच्या कागदांत, आणि तिथे ते खरोखर ठेच लावते. सातबाऱ्यावर ‘धोंडी’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘धोंडिबा’, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘धोंडीराम’: माणूस एक, नावे तीन. वारसनोंदीच्या वेळी तलाठी अडतो तो इथे. ही रूपे बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येत असल्याने एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्यासोबत दोन्ही रूपे असलेला एखादा जुना कागद जोडावा लागतो. फेरफारातून, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीतून, सातबाऱ्यावर उतरवताना झालेली नुसती लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो; मूळ फेरफाराची नक्कल जोडली नाही तर अर्ज लोंबकळतो. मोडीतल्या नोंदी पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो आणि अनुस्वारही बऱ्याचदा गाळलेला असतो. तिथे ‘धोडी’ वाचले तर तो धोंडी धरून चालावे, आणि बापाचे नाव व गाव जुळते का ते पाहावे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जन्माच्या नोंदीला पुष्कळदा मुलाचे नावच नसते, नुसता बाप आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव शोधायचे तर शाळेच्या जनरल रजिस्टरकडे जावे लागते.

पुरवणी वाचून कुणाला पणजोबांचे नाव बाळाला ठेवावेसे वाटले असेल तर जरूर ठेवावे, पण दगड म्हणून, गणपती समजून नव्हे. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. दाखला हातात पडला की आधी मराठी रूप वाचावे, ‘ध’चा ‘ढ’ झाला असेल तर खिडकीवरच परत द्यावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

पुरवणीच्या पुढील अंकात ‘धोंडो : धोंडा, दगड, धुंडिराज : गणपती’ एवढी दुरुस्ती दोन ओळींत छापावी, ही विनंती.

आपले,
जुनी कागदपत्रे वाचणारे काही वाचक
सातारा