जीएसटी परिषदेत महापालिकांनाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं शहराला ना महापौर, ना नगरसेवक. ऐन सिंहस्थाच्या तयारीच्या काळात सगळे निर्णय प्रशासकांच्या सहीने झाले. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे इथेही हीच स्थिती होती. एवढ्या शहरांतला लोकांचा कारभार एकाच वेळी थांबला, तरी देशभरातले महापौर त्यासाठी दिल्लीत एकत्र उभे राहिल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही. ही गोष्ट मनाला फार लागते.

शहरांचं नशीब दिल्लीत ठरतं, पण तिथे शहरांच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. नाशिकची जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तोही संपला. जकात नाक्यावर जमा होणारा पैसा शहराच्या हक्काचा होता. आता त्याची भरपाई राज्य सरकार देतं आणि महापालिका दर महिन्याला तिची वाट पाहते. जीएसटीचे दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राचे अर्थमंत्री बसतात, राज्यांचे मंत्री बसतात. ज्यांचं उत्पन्न गेलं, त्या महापालिकांना तिथे साधं बोलायलाही जागा नाही.

मेट्रोचंच पाहा. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपये आणि नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यासाठी 5,976 कोटी रुपये एकाच भाषणात जाहीर झाले. नागपूरला डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. आपल्याकडे मेट्रोचा एक खांबही उभा राहिला नाही. नागपूरकरांना मिळालं याचा आनंदच आहे, पण वजनदार नेता नाही म्हणून एखाद्या शहराने किती वर्षं थांबायचं?

इतर देशांतल्या शहरांनी यावर वाट काढली आहे. 1932 च्या मंदीत बेकारांना मदत करता करता अमेरिकेतल्या शहरांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, तेव्हा डेट्रॉइटचे महापौर फ्रँक मर्फी यांनी मोठ्या शहरांच्या महापौरांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांनी मिळून केंद्राकडे मदत मागितली. त्याच जुलैत 30 कोटी डॉलरच्या मदतकर्जाचा कायदा झाला. त्यातूनच उभी राहिलेली महापौरांची संघटना आजही काम करते. ब्राझीलमध्ये 1998 पासून गावोगावचे महापौर राजधानीवर मोर्चा नेतात. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेने तर स्थानिक संस्थांच्या संघटनेला संसदेच्या दुसऱ्या सभागृहात दहापर्यंत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क दिला आहे. त्यांना मत नाही, पण बोलता येतं.

आपल्याकडेही अखिल भारतीय महापौर परिषद आहे. पण महापौर अडीच वर्षांचा, आयुक्त सरकारने नेमलेला आणि उमेदवारी पक्षाच्या हातात. अशा महापौराने आपल्याच पक्षाच्या मंत्र्यासमोर शहराची बाजू किती जोरात मांडायची? विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 22 जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत. हे 22 आमदार पक्ष विसरून एका मागणीसाठी एकत्र उभे राहिले, तर त्यांना टाळणं कोणत्याही सरकारला जड जाईल.

गावांनाही हेच लागू आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती मे 2024 पर्यंत टिकली. गावाने स्वतंत्र ठराव करून निवेदन दिलं, तर ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुढे सहसा जात नाही. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, गुजरातचं भावनगर, आंध्रचं कर्नूल, राजस्थानचं अलवर हे सगळे कांद्याचे जिल्हे. त्यांच्या ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव एकाच दिवशी केला, तर तो चार राज्यांच्या सरकारांचा आणि कितीतरी खासदारांचा प्रश्न होईल. लासलगावला लिलाव बंद पाडून जे साधत नाही, ते याने साधेल असं मला वाटतं.

नाशिकच्या महापौरांना माझी विनंती आहे. मालेगाव महापालिका आणि सिन्नर, येवला, मनमाड, सटाणा, इगतपुरी अशा सर्व नगरपालिकांची एकत्र बैठक नाशिकमध्ये बोलवा. जीएसटी परिषदेत स्थानिक संस्थांचा प्रतिनिधी हवा, मताचा अधिकार नसला तरी चालेल, असा ठराव महासभेत मांडा. आणि तो आवाजी मतदानाने उरकू नका. प्रत्येक नगरसेवकाचं मत नावानिशी नोंदवून घ्या, म्हणजे आमच्या प्रभागातून कोण बाजूने उभं राहिलं आणि कोण गप्प बसलं, हे आम्हाला कळेल.

आपला,
एक करदाता वाचक, सातपूर, नाशिक