जाहिराती कापल्या नाहीत, त्याबद्दल आभार

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही, दादा म्हणू की ताई तेही कळत नाही, म्हणून नुसतं नमस्कार. अल्फा मराठीवरून (म्हणजे आत्ताच्या झी मराठीवरून) घरी रेकॉर्ड केलेली ती व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट तुम्ही नेटवर टाकलीत आणि मी मेल केल्यावर फक्त आवाज नीट यावा म्हणून ती परत एकदा मशीनमध्ये घालून पहिल्यापासून कॉम्प्युटरवर उतरवलीत. मेलवर मी थँक्यू म्हटलंय पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, आणि तुम्ही काय करून ठेवलंय ते बाकीच्यांना पण कळायला पाहिजे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी आत्याचं सांगते. माझी आत्या त्या काळात जाहिरातींना आवाज द्यायची. मोठ्या कंपन्यांच्या नाही, छोट्या छोट्या, मसाले, साड्या, ट्यूशन क्लासेस असल्या. वीस सेकंदाचं काम, स्टुडिओत जायचं, बोलायचं, पाकीट घ्यायचं आणि घरी यायचं. तिच्याकडे त्यातलं एकही रेकॉर्डिंग नाही. तेव्हा कोण मागणार, आणि मागितलं असतं तरी कुणी दिलं नसतं. आम्ही भाचरंडं लहान असताना टीव्हीवर तिचा आवाज आला की ओरडायचो आणि त्या ओरडण्यात तो ऐकूच यायचा नाही. ती चॅनलं गेली, त्या जाहिराती गेल्या, त्यातली काही उत्पादनं पण गेली. आणि तुमच्या कॅसेटमध्ये दुसऱ्या ब्रेकला, एका डिटर्जंटच्या जाहिरातीनंतर, ती मसाल्याची जाहिरात आली. मी लगेच ओळखला तिचा आवाज.

पण आवाज अगदी खोल, विहिरीतून आल्यासारखा. म्हणून मी तुम्हाला विचारलं की मूळ कॅसेट अजून आहे का. तुम्ही काय केलंत ते तुमच्या उत्तरात अगदी सहज लिहिलं होतंत, की व्हीसीआरचं ऑडिओ हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) साफ केलं, ट्रॅकिंग, म्हणजे टेप आणि हेड यांचा मेळ, हाताने लावलं, आणि सगळी टेप पुन्हा घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, व्हीएचएस काही पेन ड्राइव्ह नाही की कॉपी मारली आणि झालं. तीन तासांची ई-१८० कॅसेट असेल तर ती तीन तास चालवावीच लागते, शॉर्टकट नाही. साध्या मोनो मशीनवर आवाज टेपच्या अगदी कडेच्या पट्टीवर असतो, कड दुमडली किंवा हेडवर घाण बसली की चित्र ठीक आणि आवाज गायब असं होतं. आणि बुरशी आली असेल तर कॅसेटचे स्क्रू काढून रीळ पुसायचं, एवढं सगळं करून मग प्ले दाबायचं आणि टेप गुंडाळू नये म्हणून मशीनजवळ बसून राहायचं. एका अनोळखी बाईच्या आत्यासाठी तुम्ही हे केलंत.

आत्याला लॅपटॉपवर लावून दिलं. तिने एकदा ऐकलं, परत लाव म्हणाली, आणि मग एकदम कामाच्या सुरात म्हणाली, "अगं हे बघ, इथे माझा श्वास ऐकू येतोय, मी तेव्हाच सांगितलं होतं तो कापा म्हणून!" आणि मग त्या रेकॉर्डिस्टला आठवून आठवून बोलत बसली, कुठला माइक होता, कशी एका टेकमध्ये द्यायची ती, सगळं. इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, कारण बोलायला समोर काही नव्हतंच.

आता मुख्य मुद्दा, जो मला या पत्रात लिहायचाच होता. जुन्या मालिका मिळतात हो. पूर्ण नाही मिळत, पण मिळतात. ज्यांच्या मालकीच्या आहेत ते टाकतात, ॲपवर येतात, कुणीतरी जपलेलं असतं. मिळत नाही ते चॅनल. म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधला भाग, तो लोगो फिरत यायचा ते, "थोड्याच वेळात", पुढच्या आठवड्याच्या झलकी, जाहिराती, आणि त्या सगळ्यावरून खाली सरकत जाणारी केबलवाल्याची स्वतःची पट्टी. माझ्या मते चॅनल म्हणजे खरं तेच, कारण कार्यक्रम उद्या दुसरीकडे पण लागू शकतो. आणि तेच सगळ्यात आधी जातं. सरकारी नियमाप्रमाणे चॅनलने दाखवलेल्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवायचं असतं. नव्वद दिवस! सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे, पण ब्रेकमधल्या वीस सेकंदांना विचारतो कोण. ज्याने घरी रेकॉर्ड केलं आणि पॉज नाही दाबला, त्याच्याकडेच ते राहिलं.

आणि तुम्ही पॉज नाही दाबलात. बहुतेक सगळे दाबायचे, कॅसेट महाग, जागा वाचवायची, ब्रेक आला की रिमोट घेऊन तयार. टाकताना पण लोक कापतात, चेहरे फुगवून जुन्या टीव्हीचं चौकोनी फोर बाय थ्रीचं चित्र वाइड करतात, वर स्वतःचं नाव मोठ्ठं टाकतात, खाली म्युझिक घालतात. तुम्ही सुरुवातीचा निळा स्क्रीन, खालच्या थरथरत्या रेषा, मध्येच अर्धा सेकंद उडालेलं चित्र, सगळं तसंच ठेवलंत. ती केबलवाल्याची पट्टी तर मी तीन तीनदा बघितली. "ग्राहकांना विनंती, महिन्याचे पैसे ५ तारखेच्या आत भरावेत" आणि लगेच पुढे एका मुलाच्या दहावीच्या यशाबद्दल अभिनंदन, ऐन मालिकेच्या रडण्याच्या सीनवर. हे कुठल्या कंपनीच्या संग्रहात सापडणार सांगा. केबलवाल्यांची स्वतःची चॅनलं पण होती ना, खोलीत एक व्हीसीआर लावून रात्री पिक्चर दाखवायचे, त्या चॅनलला नाव सुद्धा नसायचं, नुसतं "केबलचं" म्हणायचो. ते तर पूर्णच पुसलं गेलं.

तुम्ही कॅसेटवर तारीख नसताना वर्ष कसं काढलंत ते वाचून मला फार भारी वाटलं. नाव अल्फा मराठी आहे म्हणजे १९९९ ते २००५ च्या मधलं, कारण त्यानंतर ते झी मराठी झालं, आणि जाहिरातीतले मुंबईचे फोन नंबर सात आकडी आहेत म्हणजे २००२ च्या आधीचं, त्या वर्षी पुढे २ लागून आठ आकडी झाले. मी त्या जाहिराती इतक्या वेळा बघितल्या पण नंबर मोजायचं सुचलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे जाहिराती कापल्या असत्या तर वर्ष पण गेलं असतं.

माझ्या पिढीतल्यांना हे पटकन पटेल, पण आत्ताच्या मुलांना सांगायला गेलं की त्यांना वाटतं आपण काहीतरी मिसळतोय. तारा मराठी नावाचं चॅनल होतं म्हटलं तर माझा भाचा म्हणतो नव्हतंच, गुगल कर. २००० साली रतिकांत बसूंनी तारा नावाने बंगाली, गुजराती, पंजाबी आणि मराठी अशी चॅनलं काढली होती, बसू आधी दूरदर्शनचे आणि मग स्टारचे मोठे अधिकारी होते. ईटीव्ही मराठी त्याच वर्षी आलं, ते २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. झीचं ईएल टीव्ही १९९४ चं, त्याचं पुढे झी इंडिया झालं आणि मग झी न्यूज. होम टीव्ही १९९६ ला आलं आणि फार टिकलं नाही. स्टार वनचं २०११ मध्ये लाइफ ओके, त्याचं २०१७ मध्ये स्टार भारत. डीडी मेट्रो तर घराघरात होतं, केबल नसलेल्यांचं ते दुसरं चॅनल, आणि ३ नोव्हेंबर २००३ ला त्या जागी डीडी न्यूज आलं.

हे बघितलं की कळतं की आपल्याकडे चॅनल बंद पडताना शक्यतो बंद पडत नाही, त्याची पाटी बदलते. लायसन्स तेच, बऱ्याचदा माणसं तीच, केबलच्या बॉक्समधला नंबर पण तोच, रात्री झोपताना एक नाव आणि सकाळी दुसरं. त्यामुळे आज शेवटचा दिवस आहे चला रेकॉर्ड करूया असं कुणाला वाटत नाही. चॅनल व्ही १५ सप्टेंबर २०१८ ला गेलं, एचबीओ १५ डिसेंबर २०२० ला, तेव्हा निदान आधी कळलं तरी होतं, लोकांनी फोनवर का होईना शूट करून ठेवलं. टीएनटीचं काय? दिवसभर कार्टून नेटवर्क आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे, ही जोडी १९९५ ला आपल्याकडे आली आणि २००१ मध्ये कार्टून चोवीस तास झालं, टीएनटी गेलं. कार्टून संपून सिनेमा सुरू होण्याचा तो क्षण मला फार आवडायचा, आता आपल्याला झोपायला पाठवणार हे कळायचं. तो कुणाकडे असेल तर तुमच्यासारख्याच कुणाकडे असेल.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स म्हणून एक बाई होत्या, त्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २०१२ मध्ये जाईपर्यंत घरात टीव्ही सतत रेकॉर्ड केला, साधारण ७० हजार कॅसेट्स झाल्या, त्या आता इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहाकडे आहेत. त्यांना लोक विचित्र समजायचे म्हणे. तुम्ही तसं सगळं आयुष्य लावलंय असं मी म्हणत नाही, तुम्हीच लिहिलंत की आईला मालिका चुकायला नको म्हणून टायमर लावून ठेवायचात आणि टायमरला ब्रेक कळत नाही. पण त्या कॅसेट्स तुम्ही घर बदलताना टाकल्या नाहीत, भंगारात घातल्या नाहीत, आणि व्हीसीआर चालू ठेवलात. ते शेवटचं सगळ्यात अवघड आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ ला व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवीन मशीनच नाही, जुन्याचे बेल्ट आणि रोलर शोधत बसायचं. मशीन बंद पडलं की कॅसेट कितीही चांगली असली तरी तिचा काही उपयोग नाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर असल्या कॅसेट्स आहेत त्यांना पण सांगते, लेबलवर लग्न लिहिलंय किंवा क्रिकेट लिहिलंय म्हणून त्यात तेवढंच असेल असं नाही, शेवटची पंधरा मिनिटं बघा, मॅच संपल्यावर टेप तशीच चालू राहिलेली असते. आणि ओलाव्यात ठेवू नका, उभ्या ठेवा.

आत्याने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. ती म्हणाली की तिने तेव्हा अजून दोन जाहिराती केल्या होत्या, एक क्लासची आणि एक प्रेशर कुकरची, क्लासच्या जाहिरातीत शेवटी ती "आजच नाव नोंदवा" म्हणते. तुमच्या बाकीच्या टेप्स करताना कानावर पडलं तर कळवा. मुद्दाम शोधत बसू नका, ते तिने दोनदा बजावलंय.

आणि माझ्याकडून एक. आमच्या घरी काकांच्या कपाटात तीन कॅसेट्स निघाल्यात, एकावर काकांच्या अक्षरात "ई. एल. रात्री" एवढंच लिहिलंय, बाकी दोघींच्या लेबलवर काहीच नाही. एकीला कडेला पांढरे ठिपके आहेत, बुरशी असावी, म्हणून मी कुठल्याच मशीनमध्ये घातलेली नाही, तुमचं हेड खराब व्हायला नको. तुमची हरकत नसेल तर तिन्ही तुमच्याकडे पाठवते, कुरियरचा जायचा यायचा खर्च माझा आणि आत काहीही निघालं तरी ते ब्रेकसकट सगळ्यांसाठी टाकायचं. कुठे आणि कशा पॅक करून पाठवू तेवढं कळवा.

तुमची,
मसाल्याच्या जाहिरातीवाल्या आत्याची भाची