गाडी उलाळली रे पम्या

कोलंबस, ओहायो
१८ ऑक्टोबर

प्रिय पम्या,

आधी शिव्या घाल, मग वाच. आठ महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही. तब्येत ठीक, बीपीची गोळी सुरू, बाकी काही नाही. लिहायला बसलो कारण जे झालं ते इथं कुणाला कळणार नाही, बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं, मग?"

तर मी ट्रेलर बनवलाय. कारमागं ओढायचा, बाजूनं बघितलं तर आडवी कोयरी, आत दोघं झोपतील एवढीच जागा, मागचं झाकण उचललं की ओटा. १९४७ ला इथल्या एका मासिकानं याचा नकाशा छापला होता, अजून लोक गॅरेजमध्ये असले बनवतात. चार बाय आठ फुटी लोखंडी सांगाडा, वर प्लायवुड, मध्ये फोम, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. झाकणातनं पाणी गळायचं ते थांबवण्यात अख्खा जुलै गेला. हसू नकोस, तुझं शेततळं किती गळत होतं माहितीय मला.

गेल्या शनिवारी हॉकिंग हिल्सला निघालो. लँकेस्टरच्या पुढं ५५ मैलांवर स्पीड गेला की मागनं ट्रेलर डावीउजवीकडं झुलायला लागला आणि त्याच्याबरोबर कारपण, पोरगी मागच्या सीटवर. ब्रेक नाही मारला, नुसता पाय काढला, थांबलं. तिथनंच परत, ४५ नं रांगत. घरी कारपासून सोडवला, दमून मागच्या ओट्यावर बूड टेकवलं तर पुढचा दांडा फटकन वर!

आता आठवलं? वरच्या रानातला कडबा, बैलगाडीत मागं भार जास्त म्हणून जू वर, जुपणीनं बैलांचे गळे आवळलेले आणि आबा लांबनं ओरडत आलेले, "गाडी उलाळ झाली, कुणी भरली?"

मी भरली होती पम्या. मागं पेंढ्यांवर पेंढ्या मीच रचल्या, आणि कासरा तुझ्या हातात म्हणून मार तू खाल्लास. पंचवीस वर्षं मी म्हणतोय की आपण दोघांनी भरली. खोटं होतं ते.

बायकोचा वजनकाटा दांड्याखाली ठेवला, ४८ पौंड. सामानासकट ट्रेलर ९४०. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढं दांड्यावर हवा, म्हणजे कमीत कमी ९४. बर्फाची पेटी, पाण्याचा कॅन, बिडाचा तवा, कुकर (हो, कुकर!) सगळं मागं. पाणी आणि बॅटरी पुढं आणतो, पण तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही, एक्सलच सहाएक इंच मागं घ्यावा लागणार. म्हणजे सांगाड्याला नवी भोकं, चाकाबरोबर मडगार्ड सरकणार, ते मी शहाण्यानं प्लायला स्क्रू मारून वर चिकटवूनपण ठेवलंय. आणि भोक चुकीच्या जागी पडून लोखंड कमजोर झालं तर? रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन खाली वाकून बघत बसतो. बायको म्हणते एवढ्या पैशात दहा वेळा हॉटेलात राहिलो असतो. हिशोब तिचा बरोबर आहे, वीस वेळा.

तुझी छाटणी झाली का? पोरीला अकरावीला सायन्स मिळालं ऐकलं, भारी. वहिनींना नमस्कार.

आणि आबांना एक विचार. जुंपायच्या आधी ते दांडी हातानं उचलून बघायचे ना, किती जड लागली की बरोबर समजायचे? व्हॉइस नोट पाठव, त्यांच्याच आवाजात. कडब्याचं मात्र तूच सांग त्यांना, माझी हिंमत नाही.

तुझा,
बाळ्या