दुसऱ्या भागाला अजून डिंकाचा वास येतो

मा. संपादक,
स. न.

जाड, वैचारिक कादंबऱ्यांवरून आपल्या पत्रसदरात गेले तीन रविवार जी जुंपली आहे, ती मी वाचतेय. भुसावळच्या वाचकांचं म्हणणं, असली पुस्तकं कात्री लावून अडीचशे पानांत बसवायला हवी होती. त्यावर धुळ्याच्या प्राध्यापकांचं उत्तर, ज्यांना पचत नाही त्यांनी दिवाळी अंकातले विनोद वाचावेत. मी यावल तालुक्यातल्या एका 'क' वर्ग वाचनालयात २६ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तकाबद्दल कोण काय बोलतं त्यापेक्षा ते कसं होऊन परत येतं, हे मला जास्त कळतं.

भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली. नेमाडे आमच्या भागातल्या सांगवीचे, त्यामुळे पहिले काही महिने पुस्तक कपाटात टिकलंच नाही. लोक नंबर लावून नेत. सहाशे पानांचा ठोकळा तो, वर्षाच्या आत शिवणीतून उसवला. बाइंडर म्हणाला, एवढं जाड एका पुठ्ठ्यात धरणार नाही, दोन भाग करू. केले. ते दोन्ही आत्ता माझ्यासमोर आहेत. पहिल्याच्या पानांचे कोपरे काळे पडलेत, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, आणि जागोजाग केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. (तो डाग कपड्यावरून जात नाही, कागदावरून काय जाणार!) साठ-सत्तर पानांनंतर मात्र कोपरे उजळत जातात. दुसरा भाग उघडला की अजून डिंकाचा वास येतो.

भुसावळकर म्हणतील, बघा, मी हेच सांगत होतो. जरा थांबा. आमची मुदत दहा दिवसांची, पुढे रोजचा एक रुपया दंड. शंभर पानांच्या रहस्यकथेला आणि सहाशे पानांच्या कादंबरीला नियम एकच. ज्याच्या मळ्यात केळीची कापणी चालू आहे, तो दहा दिवसांत किती वाचणार? साठाव्या पानावर मुदत संपते, पुढचा नंबरवाला टेबलाशी येऊन उभा असतो, आणि हा पुस्तक ठेवताना म्हणतो, "काही दम नाही बुवा." त्याचं हे मत मग पारावर जातं, तिथून लग्नाच्या पंगतीत. मुदत वाढवा म्हणून मी कार्यकारी मंडळाकडे दोनदा अर्ज दिलाय. पुढच्या सभेत बघू, हे उत्तरही दोनदा मिळालंय.

एकदा पहिला भाग बाहेर गेला होता. आमचे एक जुने सभासद, केळीवाले आबा, म्हणाले, दुसरा दे. मी म्हटलं, "आबा, सुरुवात त्याच्यात नाही." तर म्हणाले, "मले काय परीक्षा द्यायची आहे?" आणि घेऊन गेले. रात्रपाळीची लाईट असली की मोटारीशी बसून, डोक्याला लावायच्या बॅटरीवर वाचायचे. दंड भरला, परत नेलं, पुन्हा दंड भरला. शेवटी पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "हा माणूस गोष्ट सांगत नाही ताई, निरूपण करतो. निरूपणाले मधूनच येऊन बसलं तरी चालतं."

तेव्हापासून मला गावातलं नारदीय कीर्तन आठवतं. पूर्वरंगात अभंगावर निरूपण, उत्तररंगात आख्यान. आम्ही पोरं पूर्वरंगभर सतरंजीवर झोपायचो, आख्यान लागलं की आई हलवून उठवायची. आजोबांचं उलटं. निरूपण संपलं की काठी उचलून घराकडे. आम्हाला कुणी अडाणी म्हटलं नाही, आणि निरूपण कापा असं बुवांनाही कुणी सांगितलं नाही. वैचारिक कादंबरीत पंचाईत अशी, की पूर्वरंग आणि उत्तररंग एकात एक कालवलेले. झोपायचं कधी नि उठायचं कधी तेच कळत नाही. टॉलस्टॉय 'युद्ध आणि शांती'त मधेमधे इतिहासावर बोलतोच, पण शेवटचं मोठं चिंतन त्यानं उपसंहाराच्या दुसऱ्या भागात वेगळं ठेवलंय. नको त्यानं आधी पुस्तक मिटावं. दस्तयेव्हस्की ही सोय देत नाही. 'करामाझोव्ह बंधू'मध्ये खानावळीत बसून इव्हान धाकट्या भावाला परत आलेल्या येशूलाच कैद करणाऱ्या धर्मपीठाच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. ती गाळली तरी बापाच्या खुनाचा धागा लागतो, पण पुढे इव्हान का खचतो ते हाती लागत नाही.

धुळ्याच्या सरांनाही सांगते. मी स्वतः 'हिंदू' पहिल्यांदा दीडशे पानांवर ठेवून दिली होती, भाषा घरची असून. पुढे वडील जळगावला दवाखान्यात होते, तेव्हा पिशवीत घालून नेली. मोहेंजोदडोचं उत्खनन सोडून मरणपंथाला लागलेल्या वडिलांकडे निघालेला खंडेराव मी दवाखान्याच्या बाकावर वाचला. सलग नाही, नर्स हाक मारेल तसा. काही पानं मला आजही रटाळ वाटतात, आणि ती कोणती हे सरांना बोट ठेवून दाखवायची माझी तयारी आहे. दिवाळी अंकातले विनोदही मी वाचते.

येत्या सभेसाठी तिसरा अर्ज लिहून ठेवलाय : चारशे पानांवरच्या पुस्तकाला ४५ दिवस. तो मंजूर होवो न होवो, 'हिंदू'चा दुसरा भाग आज कपाटात आहे. भुसावळच्या वाचकांनी येऊन न्यावा. सभासद नसाल तर माझ्या नावावर देईन, दंडही मीच भरीन. फक्त केळीचे हात धुऊन या.

आपली,
एक ग्रंथपाल,
यावल तालुका, जि. जळगाव